चित्रपटांचे वयोगटानुसारी प्रमाणन
सार्वजनिक प्रदर्शनासाठी तयार झालेला चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांस दाखविण्यास योग्य आहे, हे प्रदर्शनापूर्वी तपासून तसे प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीस वयोगटानुसारी प्रमाणन म्हणतात. चित्रपटांचे अभ्यवेक्षण आणि प्रमाणन हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने योजले जातात व या दोहोंसाठी ‘सेन्सॉर’ हा एकच शब्द लोकांच्या तोंडी रूढ आहे. तथापि त्यांत तत्त्वतः मोठा फरक आहे. अभ्यवेक्षणात एखादे दृश्य, संवाद अथवा संपूर्ण चित्रपट कोणीच पाहू नये असा निर्णय अनुस्यूत असतो. वयोगटानुसारी प्रमाणनात मात्र तो कोणी पाहावा एवढेच ठरविले जाते. प्रौढ व्यक्तीने काय पाहावे हा प्रश्न तिच्यावर सोडलेला असतो. भारतात ही दोन्ही कामे आरंभापासून एकाच यंत्रणेकडे राहिली असून या क्षेत्रातील बहुतेक वाद त्यातून उद्भवले आहेत.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर सुमारे दोन दशके चित्रपटांच्या आशयावर कोणतेही स्वतंत्र वैधानिक नियंत्रण नव्हते. १९१८ च्या चलच्चित्र अधिनियमाने चित्रपटगृहांना परवाना आणि चित्रपटांना प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरविल्या. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे आणि पुढे १९२७ मध्ये लाहोर येथे अभ्यवेक्षण मंडळे स्थापन झाली. त्यांवर पोलिस आयुक्तांचे वर्चस्व होते, ही गोष्ट त्यांच्या हेतूवर पुरेसा प्रकाश टाकते. मुलांच्या मनावर होणारा परिणाम हा या मंडळांच्या चिंतेचा मुख्य विषय नव्हता; राजसत्तेविरुद्ध असंतोष पसरू नये, हा होता. १९२१ च्या ‘भक्त विदुर’ या मूकपटातील विदुराची वेशभूषा गांधीजींची आठवण करून देणारी असल्याने मद्रास व कराची येथे त्यावर बंदी आली. मराठी चित्रपटसृष्टीलाही याचा अनुभव आला. शिवकालावर आधारलेल्या प्रभात कंपनीच्या मूकपटाच्या मूळ शीर्षकातील ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारला खटकला आणि चित्रपट १९३० मध्ये ‘उदयकाल’ या नावाने पुढे आला. संत एकनाथांच्या जीवनावरील, बालगंधर्वांची भूमिका असलेल्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव बदलून १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ करावे लागले. एकनाथांना महात्मा म्हणण्यास हरकत घेणाऱ्या यंत्रणेला वयाची काळजी होती असे मानण्यास जागा नाही.

वयाचा विचार प्रथम पद्धतशीरपणे मांडला गेला तो ब्रिटनमध्ये. तेथील चित्रपटव्यवसायाने १९१२ मध्ये स्वतःहून एक मंडळ स्थापन केले व पुढील वर्षापासून चित्रपटांची ‘यू’ आणि ‘ए’ अशी विभागणी सुरू केली. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी व ‘ए’ म्हणजे प्रौढांस अधिक योग्य. प्रारंभी ‘ए’ हा केवळ सल्ला होता. १९२० नंतरच्या दशकात लंडनच्या नगरप्रशासनाने, असा चित्रपट पाहण्यास येणाऱ्या मुलाबरोबर पालक असलाच पाहिजे, असे बंधन घातले आणि हळूहळू इतर नगरांनी ते स्वीकारले. भयपटांच्या लाटेनंतर १९३२ मध्ये ‘एच’ व १९५१ मध्ये ‘एक्स’ असे वर्ग आले. अमेरिकेत १९२९ ते १९३२ या काळात पेन निधीच्या साहाय्याने चित्रपटांचा मुलांवर होणाऱ्या परिणामांचा विस्तृत अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, तरी झोप, भीती, अनुकरण व वृत्ती यांवरील परिणाम मोजता येतात ही कल्पना त्यांनी रुजविली. विशेष असे, की अमेरिकन चित्रपटव्यवसायाने त्या वेळी वयोगटांचा मार्ग न स्वीकारता सर्वच चित्रपट सर्वांना चालतील असे करण्याचा, म्हणजे १९३४ पासून कठोरपणे अमलात आलेल्या आचारसंहितेचा मार्ग धरला. ती संहिता मोडकळीस आल्यावरच, नोव्हेंबर १९६८ मध्ये, तेथे वयोगटानुसार वर्गीकरण सुरू झाले.

भारतात वयाचा निकष १९४९ मध्ये आला. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ‘यू’ व ‘ए’ हे दोन वर्ग निर्माण झाले. अक्षरे ब्रिटिश पद्धतीतीलच होती, पण अर्थ बदलला होता. ब्रिटनमधील ‘ए’ चित्रपट पालकासोबत आलेले मूल पाहू शकत असे. भारतातील ‘ए’ म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीस, मग तिच्याबरोबर आईवडील असोत वा नसोत, पूर्ण मज्जाव. (प्रमाणपत्रावरील देवनागरी अक्षरांनी यात आणखी भर घातली. ‘यू’ चे देवनागरी चिन्ह ‘अ’, म्हणजे अप्रतिबंधित, तर ‘ए’ चे चिन्ह ‘व’, म्हणजे वयस्क. इंग्रजी आद्याक्षर ‘ए’ असलेला चित्रपट मुलांना वर्ज्य आणि देवनागरी आद्याक्षर ‘अ’ असलेला मुलांना खुला, हा घोटाळा अनेक प्रेक्षकांनी अनुभवला असेल.) प्रांतिक मंडळांच्या जागी १९५१ मध्ये मुंबई येथे मुख्यालय असलेले केंद्रीय मंडळ आले व १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमाने त्यास स्थिर वैधानिक पाया मिळाला. राज्यघटनेनुसार चित्रपटांच्या प्रदर्शनास मान्यता देण्याचा विषय केंद्राकडे, तर चित्रपटगृहांचे नियमन राज्यांकडे आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की वय ठरविणारी यंत्रणा एका सरकारची आणि दारात वय तपासले जाते की नाही हे पाहणारी यंत्रणा दुसऱ्या सरकारची.

या व्यवस्थेची पहिली मोठी न्यायालयीन कसोटी लागली ती एका लघुपटामुळे. लेखक व दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘चार शहर एक कहानी’ या कृष्णधवल लघुपटात मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली येथील वैभव आणि दारिद्र्य यांतील विरोध दाखविला होता. त्यात मुंबईतील वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. मंडळाने ‘ए’ प्रमाणपत्र देऊ केले. ती दृश्ये कापल्यास ‘यू’ मिळेल असेही सांगितले. अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सुनावणी चालू असतानाच काटछाटीशिवाय ‘यू’ देण्याची तयारी सरकारने दाखविली, परंतु अब्बास तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पूर्व-अभ्यवेक्षणाच्या घटनात्मकतेलाच आव्हान दिले. १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी दिलेला निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. छापील शब्दापेक्षा चलच्चित्राचा भावनांवरील परिणाम अधिक तीव्र व तात्काळ असतो, विशेषतः मुले व किशोर यांच्यावर, म्हणून चित्रपटास वेगळी वागणूक देणे आणि त्याचे आधी परीक्षण करणे हे घटनेस धरून आहे, असे न्यायालयाने ठरविले. मात्र त्याच निर्णयात सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतील उणीवही दाखविण्यात आली: विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे याला महत्त्व आहे आणि कलात्मक अभिव्यक्ती व निव्वळ बीभत्सता यांत भेद करणारी दृष्टी त्या तत्त्वांत नव्हती. निर्णयास कालमर्यादा व स्वतंत्र अपील यांची आवश्यकताही या प्रकरणात पुढे आली. तत्पूर्वी, १९६९ मध्ये, न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीने सरकारपासून स्वतंत्र अशा मंडळाची शिफारस केली होती. ती प्रत्यक्षात उतरली नाही.

अब्बास यांच्या प्रकरणाने आणखी एक गोष्ट उघड केली, तिच्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. पाच वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी यांना कायदा एकाच मापाने मोजत होता. वेश्यावस्तीचे दृश्य पाच वर्षांच्या मुलास दाखवावे काय, या प्रश्नाचे उत्तर काहीही असो. सोळा वर्षांच्या मुलास शहरातील दारिद्र्याचे सत्य कळू नये, असे कोणी म्हटले नसते. दोनच कप्पे असल्यामुळे मधल्या वयासाठी योग्य असलेला प्रत्येक चित्रपट एक तर कापून ‘यू’ करावा लागे, अथवा तो ‘ए’ मध्ये जाऊन ज्यांच्यासाठी तो उपयुक्त ठरला असता त्यांनाच अप्राप्य होई.

ही त्रुटी १९८१ च्या दुरुस्तीने काही अंशी दूर झाली. १ जून १९८३ पासून ती व तिच्यासोबतचे नियम अमलात आले. मंडळाच्या नावातील ‘अभ्यवेक्षण’ जाऊन ‘प्रमाणन’ हा शब्द आला आणि आणखी दोन वर्ग निर्माण झाले. ‘यूए’ म्हणजे सर्वांसाठी खुला, परंतु बारा वर्षांखालील मुलास दाखवावा की नाही याचा विचार पालकांनी करावा. आणि ‘एस’ म्हणजे डॉक्टर, शास्त्रज्ञ यांसारख्या विशिष्ट व्यावसायिक वर्गापुरता मर्यादित. याच सुमारास अपिलांसाठी न्यायाधिकरणही अस्तित्वात आले. ते २०२१ मध्ये बंद करण्यात आले असून तेव्हापासून मंडळाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयातच जावे लागते. मोठ्या निर्मात्यास हे जमते. अल्प भांडवलावर मराठी वा अन्य प्रादेशिक चित्रपट काढणाऱ्यास प्रदर्शनाची तारीख तोंडावर असताना ते कितपत परवडते, हा प्रश्न गंभीर आहे.

निर्णयाची रीत पुढीलप्रमाणे असते. निर्माता मंडळाच्या नऊ प्रादेशिक कार्यालयांपैकी एकाकडे चित्रपट, संहिता व शुल्क यांसह अर्ज करतो. १९८३ च्या नियमांनुसार पूर्ण लांबीचा चित्रपट एक परीक्षण अधिकारी आणि सल्लागार मंडळातील चार सदस्य यांची परीक्षण समिती पाहत असे व तीत दोन स्त्रिया असणे आवश्यक धरले होते. परीक्षणाच्या वेळी निर्मात्यास वा त्याच्या प्रतिनिधीस उपस्थित राहता येत नाही. खेळ संपल्यावर प्रत्येक सदस्य आपले मत स्वतंत्रपणे लेखी नोंदवितो: कोणता वर्ग, कोणती काटछाट आणि त्यांची कारणे. त्यानंतर अर्जदारास आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. समितीत मतभेद झाल्यास अथवा निर्णय अमान्य असल्यास प्रकरण मोठ्या पुनरीक्षण समितीकडे जाते. चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर काही सेकंद दिसणारे प्रमाणपत्र हे या सर्व खटाटोपाचे फलित होय. काटछाट झालेल्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर कोपऱ्यात एक त्रिकोण काढण्याचा नियम होता. जाणते प्रेक्षक चित्रपटाच्या नावाआधी तो त्रिकोण शोधत.

सल्लागार सदस्य हे शिक्षक, वकील, पत्रकार, गृहिणी, समाजकार्यकर्ते अशा विविध क्षेत्रांतून नेमले जातात. समाजाची सरासरी रुची त्यांच्याद्वारे व्यक्त व्हावी अशी कल्पना आहे. प्रत्यक्षात या नेमणुका सरकार करते आणि बालमानसशास्त्राचे वा चित्रपटकलेचे ज्ञान ही त्यासाठी अट नाही. ज्या निर्णयाचे समर्थन मुलांच्या मनाच्या आधारे केले जाते, तो घेणाऱ्यांपैकी कोणालाही त्या मनाचा अभ्यास असणे आवश्यक मानलेले नाही, ही या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव समजली पाहिजे.

मंडळाने पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने ६ डिसेंबर १९९१ रोजी जाहीर केली. हिंसेचे उदात्तीकरण, गुन्ह्याची तपशीलवार रीत, मुलांना हिंसेचे बळी वा कर्ते म्हणून दाखविणे, प्राण्यांवरील क्रूरता, मद्यपान व अमली पदार्थांचे समर्थन, स्त्रियांची अप्रतिष्ठा इत्यादी बाबी त्यांत येतात. परंतु या यादीहून महत्त्वाची आहेत ती दोन सूत्रे: चित्रपटाचा विचार एकेका दृश्यावरून न करता समग्र परिणामावरून करावा, आणि ज्या काळाचे व समाजाचे चित्रण आहे त्याच्या संदर्भात करावा. न्यायालयांनी या सूत्रांस वेळोवेळी बळ दिले. ‘बँडिट क्वीन’ या चित्रपटास अपील न्यायाधिकरणाने दिलेले ‘ए’ प्रमाणपत्र दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते पुन्हा कायम करताना, नायिकेच्या विटंबनेचे दृश्य वासना चाळविण्यासाठी नसून तिच्या पुढील सूडाचे कारण समजण्यासाठी आवश्यक आहे, असे म्हटले. तमिळ चित्रपट ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ यास मिळालेले ‘यू’ प्रमाणपत्र मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केले असता १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, निदर्शने व हिंसाचार यांच्या धमकीने अभिव्यक्ती दडपता येत नाही, असे स्पष्ट करून ते परत दिले.

निर्मात्याच्या दृष्टीने वर्ग हा नीतीचा नव्हे, तर उत्पन्नाचा प्रश्न असतो. ‘ए’ चित्रपटाचा कौटुंबिक प्रेक्षकवर्ग जातो. त्याहून मोठा तोटा दूरचित्रवाणीमुळे होतो. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांनी अनिर्बंध प्रदर्शनास अयोग्य असलेला कार्यक्रम दाखविण्यास मनाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयातील एका याचिकेनंतर तिची अंमलबजावणी कडक झाली. त्यामुळे ‘ए’ चित्रपट पुन्हा कापून, नव्याने ‘यूए’ घेऊनच छोट्या पडद्यावर येऊ लागला. अशा रीतीने वयोगटाचा वर्ग, जो मुळात काटछाटीला पर्याय म्हणून आला, तोच काटछाटीचे साधन झाला. मंडळाने एक शब्दही सक्तीने न कापता केवळ वर्गाची अट पुढे करावी आणि निर्मात्याने स्वतःच कात्री चालवावी, हा व्यवहार रूढ झाला. ही काटछाट नोंदीत ‘स्वेच्छेने’ केलेली दिसते. तिची झळ मात्र प्रौढ प्रेक्षकांस लागते, कारण चित्रपटगृहातही त्यांना बहुधा तीच कापलेली आवृत्ती मिळते.

वयाची रेषा कोठे ओढावी याविषयी मानसशास्त्राने दिलेली माहिती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मुलांच्या भीतीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले, की शाळापूर्व वयाची मुले मुख्यतः बाह्य रूपास भितात. विद्रूप चेहरा, प्रचंड आवाज, अचानक झालेले रूपांतर यांनी ती घाबरतात, मग ती गोष्ट काल्पनिक असली तरी. सात-आठ वर्षांनंतर कल्पित आणि वास्तव यांतील भेद स्थिर होऊ लागतो व प्रत्यक्षात घडू शकणाऱ्या गोष्टींची, उदा., अपहरण, अपघात, आईवडिलांचा मृत्यू यांची भीती प्रबळ होते. म्हणजे ‘हे खोटे आहे’ असे सांगून पाच वर्षांच्या मुलाचे समाधान होत नाही आणि दहा वर्षांच्या मुलाला राक्षसापेक्षा बातमीतील दृश्य अधिक छळते. बारा वर्षांची एकच रेषा या दोन्ही अवस्था एकत्र करते. इतर देशांनाही हे अनुभवाने उमगले. १९८४ मध्ये ‘इंडियाना जोन्स’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटावर व ‘ग्रेमलिन्स’ वर पालकांनी घेतलेल्या आक्षेपांतून अमेरिकेत तेरा वर्षांचा मधला वर्ग जन्मास आला. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये बारा वर्षांचा वर्ग आला व २००२ मध्ये पालकांच्या सोबतीची सवलत त्यास जोडली गेली.

भारतात श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये, मंडळाने कात्री बाजूस ठेवून केवळ वर्ग ठरवावा आणि ‘यूए’ चे बारा व पंधरा वर्षे असे दोन भाग करावेत, असे सुचविले. त्याच वर्षी ‘उडता पंजाब’ या अमली पदार्थांच्या व्यसनावरील चित्रपटास मंडळाने सुचविलेली अनेक कापणी मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केली व एकच कायम ठेवून प्रौढांसाठी प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला. प्रौढांसाठी म्हणून वेगळा काढलेला चित्रपट पुन्हा कापण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्या निमित्ताने सर्वसामान्य वृत्तपत्रवाचकांपर्यंत पोहोचला. आंतरजालावरील चित्रपट व मालिकांसाठी फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी सात, तेरा व सोळा वर्षे अशा पायऱ्या घातल्या; तेथे मात्र वर्ग प्रसारक स्वतःच ठरवितो, तेरा वर्षांवरील आशयासाठी पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय आणि प्रौढांच्या आशयासाठी वयाची खातरजमा आवश्यक असते. वर्गासोबत हिंसा, भाषा, नग्नता, भीती, मुलांनी नक्कल करण्याजोगी धोकादायक कृती अशी कारणेही प्रेक्षकांस सांगावी लागतात. २०२३ च्या दुरुस्तीने हीच तीन वये चित्रपटगृहांसाठीही स्वीकारली व ‘यूए’ चे तीन उपवर्ग झाले. प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत रद्द होऊन ते कायमचे झाले आणि ‘ए’ चित्रपटास दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र देण्याची तरतूद झाली. २०२४ च्या नियमांनी मंडळात किमान एक तृतीयांश, शक्यतो निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. मंडळाचा कापण्याचा अधिकार मात्र तसाच राहिला.

या नव्या उपवर्गांचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. अल्पवयीनास ‘ए’ चित्रपट दाखविल्यास चित्रपटगृहचालकावर कायद्याने दंडात्मक कारवाई होऊ शकते. म्हणून तेथे डोअरकीपर वयाचा पुरावा मागू शकतो व त्याने तो मागितलाच पाहिजे. सात, तेरा व सोळा या आकड्यांना असे कोणतेही दंडात्मक बळ नाही. ते पालकांस उद्देशून आहेत. ‘यूए १६+’ चित्रपटास कोणी दहा वर्षांच्या मुलास घेऊन आले, तर दारावरील माणूस त्यांना अडवू शकत नाही. तिकीट पाहून तो त्यांना आत सोडतो. अशा वेळी निर्णय घेणारा एकमेव माणूस म्हणजे सोबतचा पालक, आणि त्याच्याजवळ असलेली माहिती म्हणजे एक आकडा. त्या आकड्यामागील कारणे, म्हणजे परीक्षण समितीच्या सदस्यांनी खेळ संपल्यावर लिहून दिलेली मते, कार्यालयीन दप्तरातच राहतात.